फौजेतून आलेल्या शेतकऱ्याने आजारपणाची कोणती सोय धरावी?



पीकपाण्याच्या पत्रकात दवाखान्याचा विषय कसा आला, असं तुम्हांला वाटेल. पण ज्या घरातला कर्ता माणूस पलटणीत नोकरी करून परत शेतीत उतरला आहे, त्या घराला हा विषय खतबियाण्याइतकाच जवळचा आहे. आणि अशी घरं आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हा शब्द जोडलेला आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतही गावोगाव माजी सैनिक भेटतील.

जवान साधारण पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीवर येतो. त्या वेळी अंगात ताकद असते. विहीर, पाइपलाइन, गोठा, मुलांचं शिक्षण यांत वर्षं निघून जातात. दवाखान्याचं कार्ड ट्रंकेत पडून राहतं. पुढे पंचावन्न-साठीला गुडघे बोलू लागतात, साखर वाढते, एखाद्या रात्री छातीत कळ येते. मग धावपळ सुरू होते. कार्ड सापडत नाही, सापडलं तर बायकोचं नाव जुळत नाही, आणि उसाचं बिल किंवा म्हशीचे पैसे इस्पितळाच्या खिडकीवर मोजावे लागतात. कधी कधी जमिनीचा तुकडासुद्धा जातो.

अलीकडे आणखी एक गोंधळ झाला आहे. सोयी पुष्कळ झाल्या. फौजेची योजना आहे, महिन्याचा वैद्यकीय भत्ता आहे, रेशनकार्डावरची योजना आहे, सत्तर वर्षांवरच्यांचं कार्ड आहे, आणि विमा कंपन्यांची मेडिक्लेम आहे. ग्रामपंचायतीत शिबिर लागतं, सगळे अंगठा देतात म्हणून आपणही देतो. कोणतं घ्यावं, कोणतं सोडावं, हे सांगायला कोणी बसत नाही. ते आज नीट पाहू.

आधी आपण कोणत्या रांगेत आहोत ते पाहा

फौजेत नोकरी केली म्हणजे सगळ्यांना सारखीच सोय मिळते, असं नाही. म्हणून पहिला प्रश्न हा की, तुम्हांला पेन्शन मिळते का? नोकरीची पेन्शन, अपंगत्वाची पेन्शन किंवा पतीच्या मागे मिळणारी कुटुंब पेन्शन, यांपैकी कोणतीही एक चालेल.

पेन्शन असेल तर फौजेच्या योजनेचा दरवाजा तुम्हांला उघडा आहे. चार-आठ वर्षं नोकरी करून घरगुती अडचणीमुळे पेन्शनीशिवाय परत आलेल्या जवानाला तो साधारणपणे उघडा नाही. २०१९ साली दुसऱ्या महायुद्धातले सैनिक आणि अल्प मुदतीचे अधिकारी अशा काही जणांना सरकारने या योजनेत घेतलं, पण मधेच सुटून आलेला साधा शिपाई त्यात बसत नाही. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेच्या अटींप्रमाणे चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरालाही पेन्शन नाही आणि फौजेची दवाखान्याची योजनाही नाही. ज्यांची मुलं अग्निवीर झाली आहेत त्या आईबापांनी हे आताच ध्यानात ठेवावं.

फौजेची योजना: ईसीएचएस

माजी सैनिकांसाठी ही योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. तिचं नाव लांबलचक आहे, पण सगळे तिला ईसीएचएस म्हणतात. तिची रीत अशी की एकदाच वर्गणी भरायची आणि मग जन्मभर उपचार घ्यायचे. दर वर्षी हप्ता नाही. खर्चाला वरची मर्यादा नाही. वयाची अट नाही. आजार आधीपासून होता म्हणून नकार नाही. इस्पितळात भरती होण्याचा खर्च, तपासण्या आणि रोजच्या गोळ्या, तिन्ही त्यात येतात. बाजारातल्या कोणत्याही विम्यात इतक्या गोष्टी एकत्र सापडत नाहीत.

वर्गणी पदाप्रमाणे असते. डिसेंबर २०१७ च्या आदेशाप्रमाणे शिपायापासून हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर आणि मानद पदवाल्यांना ६७,००० रुपये, आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये. इस्पितळातली खोलीही त्याच क्रमाने मिळते: जनरल वॉर्ड, सेमी-प्रायव्हेट आणि प्रायव्हेट. नौदल आणि हवाई दलातल्या बरोबरीच्या पदांना हेच लागू आहे.

१ एप्रिल २००३ नंतर जे पेन्शनीवर आले, त्यांना ही योजना सक्तीची आहे. त्यांची वर्गणी सुटतानाच कापून घेतली जाते. त्यामुळे "मी काही भरलं नाही, मला काही मिळत नाही" असं म्हणणाऱ्याने आधी आपले कागद पाहावेत. पैसे कापले गेले असतील आणि कार्डच काढलं नसेल, असं पुष्कळदा असतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. १ जानेवारी १९९६ च्या आधी जे पेन्शनीवर आले त्यांना वर्गणी माफ आहे. वीरपत्नींना आणि लढाईत जायबंदी होऊन आलेल्या सैनिकांनाही माफ आहे. आपल्या गावात असे म्हातारे सुभेदार, हवालदार अजून आहेत. त्यांना हे सांगा.

घरातलं कोण बसतं, कोण बसत नाही

पत्नी बसते. मुलगा पंचवीस वर्षांपर्यंत बसतो, पण तो आधीच कमवायला लागला किंवा त्याचं लग्न झालं तर तेव्हाच त्याचं नाव निघतं. मुलगी लग्न होईपर्यंत किंवा नोकरीला लागेपर्यंत बसते. अवलंबून असलेली विधवा किंवा घटस्फोटित मुलगीही बसते. अपंग मूल असेल तर त्याला वयाची अट नाही. आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील आणि त्यांचं सर्व मार्गांचं मिळून उत्पन्न महिन्याला ९,००० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता एवढ्याच्या आत असेल, तर तेही बसतात.

आता कोण बसत नाही ते पाहा. लग्न झालेला मुलगा, सून आणि नातवंडं बसत नाहीत. एका चुलीवर जेवणाऱ्या आठ माणसांच्या घरात फौजेच्या कार्डावर दोन किंवा तीनच नावं असतात. "आमच्याकडे मिलिटरीचं कार्ड आहे, आम्हांला काय चिंता" असं सगळं घर समजत असतं, आणि सुनेचं बाळंतपण अवघड झालं की मग कळतं. या माणसांची सोय वेगळी करावी लागते. ती पुढे सांगतो.

योजना वापरायची कशी

कार्ड घेऊन थेट मोठ्या इस्पितळात गेलं की काम झालं, असं नाही. आधी आपल्या जिल्ह्यातल्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये जायचं. सातारा, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर इथे अशी पॉलिक्लिनिकं आहेत. तिथले डॉक्टर तपासतात, गोळ्या देतात, आणि गरज पडली तर पॅनेलवरच्या इस्पितळाची किंवा लष्करी इस्पितळाची चिठ्ठी देतात. या चिठ्ठीला रेफरल म्हणतात. तिच्यावर मुदत असते, ती वाचून घ्या. चिठ्ठी घेऊन पॅनेलवरच्या इस्पितळात गेलं की तिथे मंजूर उपचारासाठी अनामत मागायची नसते. बिल इस्पितळ परस्पर योजनेकडे पाठवतं.

जीवावरचं दुखणं असेल तर मात्र चिठ्ठीसाठी थांबू नका. हृदयाचा झटका, अर्धांगवायू, मोठा अपघात, पोटातली असह्य कळ, विषबाधा, सर्पदंश अशा वेळी पॅनेलवरचं इस्पितळ जवळ असेल तर तिथे कार्ड दाखवून भरती व्हा. ते जवळ नसेल तर जे इस्पितळ जवळ असेल ते गाठा. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा. मात्र अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला खबर द्या. पॅनेलबाहेरच्या इस्पितळाचे पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर कागद देऊन मागायचे. ते सरकारी दराप्रमाणे परत मिळतात. खासगी इस्पितळाने त्याहून जास्त घेतले असतील तर वरचा फरक आपल्या गळ्यात पडतो. म्हणून जीव सावरला की रुग्णाला पॅनेलवरच्या इस्पितळात हलवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. प्रत्येक बिल, प्रत्येक चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. तातडीची भरती होती, असं डॉक्टरांकडून लिहून घ्या.

शेतात साप चावला तर आधी प्रतिविष मिळणारं सरकारी रुग्णालय गाठायचं. तिथे कार्डाचा विचार करत बसू नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केले आहेत.

या योजनेची उणी बाजू

चांगलं सांगितलं तसं उणंही सांगायला हवं. पॉलिक्लिनिक जिल्ह्याच्या गावी असतं. आडगावातून दोन एस.टी. बदलून जायचं म्हणजे दिवस मोडतो आणि सुगीत तो परवडत नाही. तिथे कधी रांग असते, कधी लिहून दिलेली गोळी शिल्लक नसते. बिलं थकली म्हणून पॅनेलवरचं एखादं इस्पितळ कार्ड घेईनासं होतं. म्हणून पॉलिक्लिनिकला गेलात की एक काम करा. भिंतीवर लावलेली पॅनेलची यादी वाचा आणि आपल्या बाजूला कोणतं इस्पितळ सध्या रुग्ण घेतं ते विचारून वहीत लिहून आणा. आजार येण्याआधी केलेलं हे एका तासाचं काम रात्री दोन वाजता उपयोगी पडतं.

महिन्याचे हजार रुपये

२००३ च्या आधी पेन्शनीवर आलेल्या आणि ईसीएचएस न घेतलेल्या पुष्कळ पेन्शनरांना पेन्शनीबरोबर वैद्यकीय भत्ता मिळतो. १ जुलै २०१७ पासून तो महिना १,००० रुपये झाला. ईसीएचएसचं सभासदत्व घेतलं की हा भत्ता बंद होतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

म्हातारा माणूस म्हणतो, "हातात हजार रुपये येतात, ते का सोडू?" हिशेब करून पाहू. वर्षाला १२,००० रुपये झाले. हवालदाराची वर्गणी ३०,००० रुपये, म्हणजे अडीच वर्षांचा भत्ता. १९९६ च्या आधी सुटलेल्याला तर वर्गणीच नाही, त्याला फक्त भत्ता सोडायचा आहे. नवरा-बायको दोघांना साखर आणि रक्तदाब असेल, तर महिन्याच्या गोळ्या आणि तपासण्या किती रुपयांच्या होतात, ते औषधाच्या दुकानातल्या पावत्या जोडून पाहा. त्यात हृदयाचं किंवा सांध्याचं एक ऑपरेशन धरा, त्याचा खर्च लाखांत जातो. पीक उभं असताना पाण्याची पाळी विकून टाकणारा शेतकरी आपण शहाणा म्हणत नाही.

रेशनकार्डावरची योजना

आपल्या राज्यात २०१२ साली जुलै महिन्यात आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २०१३ साली ती राज्यभर गेली. २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असं आहे. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेबरोबर एकत्र चालते. आधी पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांना ती होती. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डवाल्यांनाही तिच्यात घेतलं आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये केली.

ही योजना भरती होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. त्या उपचारांची यादी ठरलेली आहे. योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटायचं. मात्र महिन्याच्या गोळ्या, साधा ताप, बाहेरच्या तपासण्या यांत येत नाहीत. ईसीएचएस आणि या योजनेतला मोठा फरक हाच आहे.

फौजीच्या घरात ही योजना कोणाच्या कामाची? जे ईसीएचएसमध्ये बसत नाहीत त्यांच्या. लग्न झालेला मुलगा, सून, नातवंडं यांची नावं रेशनकार्डावर आहेत का, ते आजच पाहा. सून माहेरच्या कार्डावरच राहिलेली असते आणि नातवाचं नाव घालायचं राहिलेलं असतं. तलाठ्याकडे सातबाऱ्याची नोंद आपण जशी तपासतो, तशी हीही तपासा.

सत्तरीवरच्यांचं कार्ड: इथे थांबून विचार करा

२९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारने सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय केली. त्याचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. घरात सत्तरीवरची दोन माणसं असतील तर पाच लाख दोघांत मिळून असतात.

योजना चांगली आहे, पण माजी सैनिकासाठी तिच्यात एक अट आहे. जो ईसीएचएसचा लाभ घेतो त्याला दोहोंपैकी एकच धरायचं आहे. एक तर ईसीएचएसमध्ये राहायचं, नाहीतर ते सोडून हे कार्ड घ्यायचं. खासगी मेडिक्लेम असणाऱ्याला अशी अट नाही, त्याला दोन्ही चालतं.

म्हणून गावात शिबिर लागलं आणि पोरगं म्हणालं, "आबा, चला, फुकट कार्ड काढतायत," तर उठून चालू लागू नका. "माझं ईसीएचएस आहे, त्याचं काय होईल?" असं शिबिरातल्या माणसाला आधी विचारा. तुमच्याकडे मर्यादा नसलेली, गोळ्या देणारी योजना आहे. तिच्या बदल्यात पाच लाखांची, फक्त भरतीपुरती योजना घेताना नीट समजून घ्या. बागाईत देऊन जिराईत घेण्याचा हा सौदा होऊ शकतो.

याला एक बाजू मात्र आहे. ज्या सत्तरीवरच्या पेन्शनराने ईसीएचएस घेतलेलंच नाही, तो भत्ता घेतो आणि पॉलिक्लिनिक इतकं लांब आहे की त्याला जाणं झेपत नाही, अशा माणसाने हजार रुपयांचा भत्ता चालू ठेवून वय वंदना कार्ड काढलं, तर ते चुकीचं म्हणता येणार नाही. भत्त्यातून गोळ्या घ्यायच्या आणि मोठ्या आजाराला कार्ड वापरायचं. पण दोघांपैकी कोणाला डायलिसिस, कॅन्सर किंवा हृदयाचा जुना आजार असेल, तर पाच लाख किती दिवस पुरतील याचा हिशेब डॉक्टरांना विचारून करावा. तिथे मर्यादा नसलेली योजनाच बरी.

कंपन्यांची मेडिक्लेम कोणी घ्यावी

पेन्शनर आणि त्याची पत्नी ईसीएचएसमध्ये असतील तर त्यांच्यासाठी मोठा हप्ता भरून मेडिक्लेम घेण्याची फारशी गरज नाही. एकाच बिलाचे पैसे दोन ठिकाणांहून दुप्पट मिळत नाहीत. मात्र मुलगा-सून आणि पेन्शनीशिवाय सुटून आलेला जवान यांनी तिचा विचार जरूर करावा. तोही अंगात धडधाकटपणा असताना करावा. आजार जडल्यावर विमा घ्यायला जाणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायला घेणं.

घेताना एवढं पाहा.

१. आधीपासून असलेला आजार लपवू नका. एजंट म्हणेल, "लिहू नका, हप्ता वाढेल." मग ऐन वेळी कंपनी बिल नाकारते आणि एजंट फोन उचलत नाही.

२. आधीच्या आजारासाठी थांबण्याची मुदत किती, ते विचारा. २०२४ च्या नियमाप्रमाणे ती तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही.

३. खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का? बिलाचा काही हिस्सा आपण भरायचा आहे का? तालुक्याचं इस्पितळ कंपनीच्या यादीत आहे का? हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका.

४. पॉलिसी हातात आल्यावर पटली नाही तर परत करायला तीस दिवस असतात. त्या तीस दिवसांत ती शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्या.

५. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी काढला आहे. हप्त्यात तो लावलेला नाही ना, ते पाहून घ्या.

चार घरं, चार निवडी

आता हे सगळं घरात कसं बसवायचं ते उदाहरणाने पाहू.

पहिलं घर धरा १९९२ साली सुटलेल्या हवालदाराचं. वय पंचाहत्तर, बायकोला साखर, हातात महिन्याचा हजार रुपये भत्ता. पॉलिक्लिनिक पस्तीस किलोमीटरवर, पण एस.टी. थेट जाते. त्याला वर्गणी माफ आहे. त्याने ईसीएचएससाठी अर्ज करावा हे उत्तम. कार्ड हातात पडेपर्यंत भत्ता चालू आहे ना, हेही विचारून घ्यावं.

दुसरं घर २०१० साली सुटलेल्या नायकाचं. त्याला आणि पत्नीला ईसीएचएस आहेच. मुलगी कॉलेजात आहे, तीही बसते. मोठा मुलगा सत्तावीस वर्षांचा, लग्न झालेलं, तो बसत नाही. त्याच्या कुटुंबाची नावं रेशनकार्डावर पक्की करावीत, आणि दुधाच्या पैशांतून झेपेल एवढी छोटी मेडिक्लेम त्याच्या नावाने घ्यावी.

तिसरं घर आठ वर्षं नोकरी करून पेन्शनीशिवाय परतलेल्या जवानाचं. त्याला ईसीएचएस नाही. रेशनकार्डावरची योजना हा त्याचा पाया, त्यावर जमली तर मेडिक्लेम. शिवाय पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून उपचारासाठी मदत मिळू शकते. तिचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. त्यासाठी माजी सैनिकाचं ओळखपत्र काढलेलं असावं.

चौथं घर जवानाच्या मागे राहिलेल्या माउलीचं. कुटुंब पेन्शन मिळते म्हणजे ईसीएचएसही तिचा हक्क आहे. पण कार्ड पतीच्या नावाचं असतं आणि ते बदलून घ्यायला हवं, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. दहावं-तेरावं झालं की घरातल्या जाणत्या माणसाने तिला घेऊन सैनिक कल्याण कार्यालयात जावं. पेन्शनीचं आणि कार्डाचं, दोन्ही कामं तेव्हाच मार्गी लावावीत.

कागद आधी जुळवा

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती नावाच्या फरकामुळे. लग्नानंतर जवानाने पलटणीत बायकोचं नाव 'इंदुबाई' लिहून दिलेलं असतं, आधारकार्डावर 'इंदिरा' असतं आणि माहेरी तिला 'इंदू' म्हणतात. जन्मतारीख तर अंदाजाने घातलेली. कार्डाचा अर्ज आता ऑनलाइन होतो आणि तिथे एक अक्षर जुळलं नाही तरी अर्ज परत येतो. म्हणून हे कागद एका पिशवीत करा:

१. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनीचा आदेश, म्हणजे पीपीओ. त्यावर पत्नीचं नाव आहे का, ते पाहा.

२. सगळ्यांची आधारकार्डं आणि रेशनकार्ड.

३. मुलांचे जन्मदाखले.

४. आईवडिलांचं नाव घालायचं असेल तर त्यांच्या उत्पन्नाचा दाखला.

५. पेन्शन जमा होते ते बँकेचं पासबुक आणि फोटो.

नावात फरक असेल तर रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहून दुरुस्त करावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून पाणी गळ्याशी येण्याआधी सुरू करा. मुलाचं लग्न झालं, त्याला नोकरी लागली, घरातलं कोणी गेलं, तर तेही कळवा. चुकीचं कार्ड वापरलं तर वसुली होते आणि अब्रूही जाते.

आणखी एक विनंती. हे सगळं कारभारणीला सांगून ठेवा. रात्री छातीत कळ येते तेव्हा आजारी माणूस बोलू शकत नाही. कार्ड कुठे ठेवलं आहे, पॅनेलवरचं इस्पितळ कोणतं, पॉलिक्लिनिकचा फोन कोणता, हे तिला आणि घरातल्या एका शिकलेल्या पोराला माहीत हवं. फोन नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहा.

बंधूंनो, कोणती सोय जास्त पैसे देते एवढंच पाहून निवड करू नका. आपल्या घरातलं कोण कोणत्या सोयीत बसतं, दवाखाना किती लांब आहे आणि आजार रोजच्या गोळ्यांचा आहे की एकदाच्या ऑपरेशनचा, या तीन गोष्टी मांडा. उत्तर बहुतेक वेळा तुमचं तुम्हांलाच सापडेल. नाही सापडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढा. ते कार्यालय तुमच्यासाठीच आहे.

पेरणी आटोपली की एक दिवस यासाठी काढा. गावातल्या दोन म्हाताऱ्या फौजींना आणि एखाद्या वीरपत्नीलाही सोबत घेऊन जा. येताना एस.टी.त त्यांचं कार्ड त्यांच्या हातात असलं, तर तो दिवस कारणी लागला म्हणायचा.

रामराम.